लांबचं रनिंग

“रनिंग किती हाय काका तुमचं?” शोरूममधल्या आदर्शने विचारलं आणि वीरभद्रने मान दुसरीकडे वळवली. खरं तर प्रश्न अगदी साधा होता. गाड्या विकणारा हा तिशीतला माणूस येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत असणार. वीरभद्र स्वतः नाही का, भांड्यांच्या दुकानात परात मागणाऱ्या बाईला ‘घरात माणसं किती’ म्हणून विचारत. त्याशिवाय कोणत्या मापाची परात दाखवायची ते कळत नाही. इथंही तसंच. गाडी महिन्याला किती चालणार आणि अशी किती वर्षं चालणार, एवढं कळलं की डिझेल घ्यायची का पेट्रोल हे आपसूक ठरतं. डिझेल घेताना महाग पडते, पण भरपूर पळवली की वरचे पैसे वसूल होतात. कमी पळणाऱ्याला पेट्रोल बरी. पण वीरभद्रने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, ओठाला लावला, आणि पाणी संपलं तरी तो ग्लास काही खाली ठेवेना.

उत्तर गुरम्माने दिलं. “लई हाय,” ती म्हणाली. त्याची बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती, एसीच्या गारव्याने डोक्यावरचा पदर कानांभोवती घट्ट ओढून. त्या पदराखाली आता केस नव्हते. “दर तीन आठवड्याला लातूर. मधी तपासायला बोलावलं की परत लातूर. इथं नांदेडात घर-दुकान ते येगळंच. डॉक्टर म्हणून राहिले, चार-पाच वर्षं यावंच लागंल.” शेवटचं वाक्य ती जरा कुरकुरतच बोलली, पाहुण्याचा मुक्काम लांबल्यावर बोलावं तसं. आदर्शने मान डोलावली. “मग काकू, डोळे झाकून डिझेल घ्या. लांबच्या रनिंगला डिझेलसारखं न्हाई. नुसतं गावात फिरवायची तर उलट डिझेल नको म्हणतो मी. तिला लांब पळवावी लागती, न्हाई तर फिल्टर चोंदतो तिचा.” गुरम्माने नवऱ्याकडे बघितलं. मी म्हणत नव्हते का, असं त्या बघण्यात होतं. किती तरी दिवसांनी तिला कुणी तरी बरोबर ठरवलं होतं, आणि ती खूश होती. वीरभद्रने ग्लास खाली ठेवला.

चार-पाच वर्षं हा आकडा डॉक्टरांचा नव्हता. तो वीरभद्रचा होता. आषाढातल्या एका दुपारी, लातूरला, गुरम्माला आत सलाइन लावलेलं असताना डॉक्टरांनी त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. पोटातली गाठ आता नुसती पोटात राहिलेली नाही, असं त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. वीरभद्रला पडद्यावर काळ्यापांढऱ्या ढगांपलीकडे काही दिसलं नाही. “औषध चालू ठेवू, त्रास कमी राहील,” डॉक्टर म्हणाले. “पण काका, दिवाळीच्या पुढचं मी काही बोलणार नाही.” माणूस चांगला होता. आवाज खाली आणून बोलला, बोलून झाल्यावर लगेच बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं नाही. वीरभद्र बाहेर येऊन खिडकीशी उभा राहिला. समोरच्या इमारतीवर कुठल्याशा क्लासचा भलामोठा बोर्ड होता, त्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे हसरे फोटो, आणि खाली पुढच्या वर्षीच्या बॅचचे प्रवेश सुरू असल्याची जाहिरात. पुढच्या वर्षीच्या, हे दोन शब्द त्याने परत परत वाचले. लातुरात सगळं गाव पुढच्या वर्षाच्या तयारीला लागलेलं असतं. त्याला त्या पोरांचा राग आला, अगदी तळपायापासून राग आला, आणि मग रागाचीच लाज वाटली.

पुण्याहून मुलीचा, शिवकन्येचा फोन आला तेव्हा तो जिन्यात उभा राहून बोलला. ती बराच वेळ रडली आणि मग नाक ओढत म्हणाली, “अप्पा, आईला सांगू नका.” हे तिने सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घरात आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत, मुदत सांगत नसत. वीरभद्रच्या वडिलांनाही शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं; मरायच्या आदल्या आठवड्यात ते नवीन शटरला रंग कुठला द्यायचा यावर भांडले होते. तेव्हा गुरम्मा सासऱ्यांच्या उशाशी बसून रंगांची नावं सुचवत होती. तिनेही तोंडाची रेघ हलू दिली नव्हती. म्हणजे हे काम कसं करतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तीच गोष्ट वीरभद्रला सगळ्यात भयाण वाटत होती. नुसतं ‘होशील बरी’ म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथं त्याला पकडलं असतं. म्हणून त्याने दुकानदारी केली. डाग असलेला माल खपवायचा तर एक बारका डाग आपणच आधी दाखवावा लागतो, मग गिऱ्हाईक मोठा शोधत नाही. सलाइन संपल्यावर तो तिच्या खाटेपाशी गेला आणि वैतागल्यासारखा म्हणाला, “लांबचं काम हाय म्हणे. चार-पाच वर्षं हेलपाटे घालावे लागतेत.” गुरम्मा उठून बसली. “चार-पाच वर्षं?” ती म्हणाली. “एवढे हेलपाटे? आन दुकान कोण बघंल?” ती चिडली होती. वीरभद्रला इतकं बरं वाटलं की त्याने बाहेर जाऊन दोन केळी घेतली आणि तिथंच उभं राहून एकामागून एक खाल्ली.

गाडी त्या खोटेपणातून निघाली. तोपर्यंत ते मकबूलच्या जीपमधून जात. मकबूल त्यांच्याच गल्लीतला, लग्नाची आणि दवाखान्याची भाडी मारणारा. जीप जुनी, डिझेलची, खडखड करणारी. अहमदपूर मागे पडून लोहा येईपर्यंत गुरम्मा दोन्ही हातांनी पोट धरून बसायची. जाताना ठीक असे, येताना मात्र औषध अंगात भिनलेलं, प्रत्येक खड्डा तिच्या चेहऱ्यावर उमटायचा. ‘चार-पाच वर्षं’ ऐकल्यावर आठ दिवसांनी, एका सकाळी पूजा आटोपून, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पदराआड सारत तिने सांगून टाकलं, “आपली गाडी घेऊन टाका. मकबूलभाईच्या जीपमधी एवढे वर्षं माझं पोट न्हाई टिकणार.” बरोबरच होतं तिचं. तिने विचार करून, पुढचं बघून ठरवलं होतं. आणि डिझेल हेही तिनेच ठरवलं, कारण पैसा उगाच घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. मागच्या खेपेला येताना ती मागच्या सीटवर झोपली होती तेव्हा मकबूल म्हणाला होता, “शेठ, डिझेलच घ्या. माझी बघा, किती वर्षं ओढून राहिली. तुमचं लातूरचं रनिंग...” बोलता बोलता त्याची नजर वरच्या आरशात गेली. आरशात गुरम्माचं तोंड उघडं होतं, गालाची हाडं वर आलेली. मकबूलने वाक्य तिथंच सोडलं आणि थोड्या वेळाने म्हणाला, “पेट्रोल बी वाईट नसती म्हणा.” म्हणजे त्याला दिसत होतं. ज्याला डोळे आहेत त्या सगळ्यांनाच दिसत असणार. फक्त घरात आरसा कमी बघणाऱ्या त्या एका बाईला दिसत नव्हतं, किंवा वीरभद्रला तसं वाटत होतं.

पण गाडीच्या या सगळ्या प्रकारात एक गोष्ट अशी होती की ती त्याने शिवकन्येलाही सांगितली नसती, मेला असता तरी सांगितली नसती. डॉक्टरांनी दिवाळीचं नाव काढलं त्याच संध्याकाळी, जीपमध्ये, पहिला विचार त्याच्या मनात आला तो म्हणजे आता दर महिन्याचं भाडं थांबणार. रडू नंतर आलं. आधी हिशेब आला. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून बसून डोक्याला सवयच तशी लागलेली. नळ गळत असतो तसं डोकं मोजत असतं, कुणी विचारो न विचारो. आणि गाडीचा विषय निघाल्यापासून ते डोकं एकच सांगत होतं, पेट्रोल घे. दसऱ्याला गाडी हातात येणार. दसरा ते दिवाळी किती अंतर? त्यानंतर नांदेडातच वजिराबादेतलं दुकान आणि घर, कधी तरी देगलूरला भावाकडे. एवढ्याला डिझेल कोण घेतं? त्याने आयुष्यात कधी तोट्याचा सौदा केलेला नव्हता, आणि आता डिझेल घ्यायची म्हणजे बायकोच्या तोंडावर एक खोटं टिकवायला तोट्यात जायचं होतं. जायचं तर होतंच, त्यात काही प्रश्न नव्हता. पैशाला कोण विचारतो. पण डोकं ऐकत नव्हतं. ‘पेट्रोल’ असं ते म्हणायचं तेव्हा दर वेळी ते तिला मारत होतं, आणि वीरभद्र त्या डोक्याचा मालक असून त्याला गप्प करू शकत नव्हता. असल्या माणसाबरोबर या बाईने संसार केला, असं त्याच्या मनात येई, आणि मग त्याला जेवण जात नसे.

आदर्शने त्यांना डिझेल गाडीत बसवून लातूर रोडवर एक चक्कर मारून आणलं. गुरम्मा पुढे बसली, वीरभद्र मागे. नवी गाडी, जीपसारखी खडखड नव्हती, पण सिग्नलला उभी राहिली की सबंध गाडीतून एक बारीक थरथर येत होती, आणि वीरभद्रला मागून दिसलं की गुरम्माचा तळहात हळूच पोटावर गेला. पेट्रोल गाडीत ही थरथर नसते, असं आदर्श मघाशी म्हणाला होता. म्हणजे तिच्या जिवालासुद्धा पेट्रोलच बरी. वा रे न्याय, वीरभद्रच्या मनात आलं. तिला चार दिवस सुखाने बसवायचं तर तिला सांगावं लागणार की चारच दिवस आहेत. “कशी वाटती काकू?” आदर्शने विचारलं. “चांगली हाय,” ती म्हणाली आणि हात पोटावरून काढून मांडीवर ठेवला.

परत शोरूममध्ये आल्यावर आदर्शने तिला सीट कशी वरखाली होते ते दाखवायला घेतलं. बाजूचा खटका ओढला की पाठ सरळ होते, दुसरा ओढला की सीट उंच होते. “ताठ बसा काकू, पाठ टेकवा. हां, अशा,” तो म्हणाला. गुरम्मा पाठ ताठ करून, पाय जवळ घेऊन, हात मांडीत ठेवून बसली आणि समोरच्या काचेतून बघू लागली. उघड्या दाराशी उभ्या असलेल्या वीरभद्रने दाराची कड घट्ट धरली. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून, त्यात माणसाला मांडी घालून बसवतात, पाठ मागे टेकवून, तळहातावर लिंग ठेवून, आणि मग माती लोटतात. वीरभद्रच्या आईला बसवलं तेव्हा तिची मान सारखी एका बाजूला पडत होती आणि जंगमस्वामी म्हणत होते, ताठ बसवा, अजून थोडं ताठ. वीरभद्रनेच खाली उतरून तिच्या पाठीशी मातीचा आधार रचला होता. त्या मातीचा ओला वास, आईच्या खांद्याचं हाड हाताला लागलेलं, आणि आता हा नव्या प्लास्टिकचा वास, आणि या खटक्यांवर फिरणारे आदर्शचे निगुतीचे हात. “खाली उतर,” तो गुरम्माला म्हणाला. आवाज असा निघाला की आदर्शने दचकून मागे बघितलं. “का हो, काय झालं?” गुरम्माने विचारलं. “काही न्हाई. भाव ठरवून टाकू,” तो म्हणाला.

आणि भावाला बसल्यावर एक नवलच झालं. आदर्शने कागदावर एकेक बाब लिहून पुढे सरकवली तशी गुरम्मा खुर्चीत पुढे झाली, कोपर टेबलावर टेकवलं, आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली जी वीरभद्रने उन्हाळ्यापासून बघितली नव्हती. ही त्याची दुकानातली गुरम्मा. “सीट कव्हरचे एवढे?” तिने विचारलं. “मॅट तर फुकट देतेत सगळे.” मग ती वीरभद्रकडे न बघता हळूच म्हणाली, “ब्याड,” म्हणजे नको, सीट कव्हर नको. आणि वीरभद्रने आदर्शला मराठीत सांगितलं, “सीट कव्हर घेऊ आम्ही, पण त्या भावात न्हाई.” गुरम्माचं माहेर उदगीर, तो देगलूरचा, दोन्ही गावं कर्नाटकाच्या सीमेलगतची; घरात एके काळी कानडी बोलत, पण शिवकन्या शाळेत जायला लागली तशी घरातली कानडी मराठीने हळूहळू खाऊन टाकली. राहिली ती दुकानात. गिऱ्हाइकासमोर दोघांना खरं बोलायचं असेल तर कानडी. परातीचा भाव तो मराठीत काहीही सांगे, शपथाही मराठीत घेई; मग घासाघीस ताणली की गुरम्मा मान वळवून विचारी, “एष्ट?” म्हणजे किती, आणि तो कानडीत खरेदीचा खराखुरा भाव सांगे, त्यावर ती ठरवी सोडायचं का नाही. नवीन लग्न होऊन ती दुकानात बसायला लागली तेव्हा वीरभद्रच्या वडिलांनीच तसं बजावलं होतं की कानडीत खोटं बोललात तर दुकान बुडेल. इतक्या वर्षांत भांडणं झाली, महिनामहिना अबोला झाला, पण गल्ल्यावर कानडीत एकमेकांना खोटा भाव त्यांनी कधी सांगितला नाही.

आता ते दोघे गिऱ्हाईक होते आणि टेबलाच्या पलीकडे आदर्श होता, पण खेळ तोच. ती ‘साक’ म्हणे, पुरे झालं, की वीरभद्र थांबे. ती गप्प राही की तो ताणून धरी. विमा बाहेरून काढू म्हणून तिने धमकावलं, त्याने उठून जायचं नाटक केलं, आदर्शने दोनदा आत जाऊन मॅनेजरला विचारून आल्याचं सोंग केलं. गुरम्माच्या गालावर किंचित रंग आला होता. वीरभद्र सगळं विसरला. खरोखर विसरला, डॉक्टरांची केबिन, आषाढ, तो क्लासचा बोर्ड. त्याला एवढंच वाटत होतं की हे संपू नये, अजून काही बाबी निघाव्यात, आणखी थोडं ताणावं. शेवटी आदर्शने हात टेकले. “काका, काकू, तुमच्यापुढं माझं काही चालायचं न्हाई,” तो हसत म्हणाला. “एक शेवटचं सांगतो. डिझेल घ्या, वाढीव वॉरंटी निम्म्यात करून देतो, वर्षानुवर्षं बघायला नको. पण रनिंग खरंच तेवढं असंल तरच घ्या. न्हाई तर माझ्याकडून पाप नको, पेट्रोलच बरी.”

गुरम्माने मान थोडीशी वळवली. आवाज उतरवून, जसा आयुष्यभर उतरवला तसा, तिने विचारलं, “खरं एष्ट ओडतद री?” खरं किती पळेल हो?

“दीपावळी तनका,” वीरभद्र म्हणाला.

दिवाळीपर्यंत. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला काही वाटलंसुद्धा नाही. विचारलेला खरा भाव त्याने सांगितला होता. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने गुरम्माकडे बघितलं. तिने मान हलवली होती, एकदाच, खालच्या बाजूला, भाव समजल्यावर हलवायची तशी, आणि ती मान आता पुन्हा सरळ होत नव्हती. टेबलाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत असावा. तिच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या. त्या तिने एकेक करून मनगटापर्यंत खाली आणल्या. वीरभद्रला काही तरी बोलायचं होतं, मराठीत, पटकन, हसून, की दिवाळीपर्यंत म्हणजे या सर्व्हिसिंगपुरतं, म्हणजे तसं नाही, म्हणजे डॉक्टर असं म्हणाले की. आणि त्यातच त्याच्या मनात आलं की तिने हे कानडीत का विचारलं. सवयीने विचारलं, का खरं काढून घ्यायला दुसरा रस्ता नव्हता म्हणून? तिच्या खाली गेलेल्या मानेवरून काही कळत नव्हतं. आता हे त्याला कधीच कळणार नव्हतं, कारण तो विचारणार नव्हता.

“पेट्रोलचं करा,” गुरम्मा आदर्शला म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता.

आदर्श गोंधळला. “काकू, मघाशी तर तुम्ही म्हणल्या...”

“ह्यांना एकट्याला पेट्रोल बरी. गावातल्या गावात तर फिरणार.” तिने भावाचा कागद आदर्शकडे परत सरकवला. “आन दसऱ्याचा मुहूर्त नको. तयार कोणती उभी हाय तुमच्याकडं? रंग कोणता बी चालंल. मला उदगीरला जाऊन यायचंय.”

“बघतो ना, यार्डात एक पांढरी हाय बहुतेक,” म्हणत आदर्श उठला. जाता जाता त्याने वीरभद्रकडे बघितलं आणि बघतच राहिला, कारण त्या जाड भिंगांच्या चष्म्याखाली, पांढऱ्या मिशीवर, पाणी उतरायला लागलं होतं आणि माणूस ते पुसतही नव्हता. गुरम्माने टेबलाखालून नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात गार होता आणि हाडांचा होता, पण दाबला तिने जोरात.

“इल्ले ब्याड,” ती समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली. इथं नको.

वीरभद्रने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि चेहरा सरळ करून तो आदर्श परत यायची वाट बघत बसला.